आजीचं, आबांचं बोलणं मोबाईलवर कसं धरून ठेवायचं (ब्राझीलच्या एका म्हाताऱ्या डायरेक्टरकडून शिकलेलं)

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला गावात लोक सगळंच विचारतात, पेनड्राईव्ह उघडत नाही इथपासून ते दहाव्याचा फोटो मोठा करून दे इथपर्यंत. पण अलीकडे एक प्रश्न फार येतो, की भाऊ आमच्या आजीचं, आमच्या आबांचं जरा बोलणं रेकॉर्ड करून ठेवायचंय, वय झालं आता, काय करू. आधी मी म्हणायचो दोन हजार दे, मी येतो. आता म्हणतो तूच कर, मी सांगतो कसं. कारण माझ्यासारखा परका माणूस गिंबल घेऊन घरात शिरला की आजी पदर सावरून बसते आणि मंग दोन तास नुसता सावरलेला पदरच शूट होतो.

माझी पहिली फजिती घरातलीच आहे. आमचे नाना, वय चौऱ्याऐंशी, चोपड्याजवळच्या आमच्या गावात. मी त्यांना कडक टोपी घालून तुळशीसमोर खुर्चीवर बसवलं, रिंगलाईट लावला आणि विचारलं, नाना तरुण पिढीला काय संदेश द्याल. झालं! नानांनी चाळीस मिनिटं पंधरा ऑगस्टचं भाषण दिलं, कष्ट करा, व्यसन करू नका, आईबापाला विसरू नका. मी खूष. नंतर वायरी गुंडाळत होतो तर नाना ओट्यावर टेकले, टोपी काढली आणि माझ्या पोऱ्याला सांगायला लागले की बहात्तरच्या दुष्काळात बैलाची जोडी घेऊन सातपुड्याकडे चाऱ्यासाठी कसे गेले, जाताना दोन बैल होते आणि येताना एकच, खडी फोडायला कोणासोबत बसायचे, मिलो ज्वारीची लाल भाकरी घशाखाली कशी उतरायची नाही. कॅमेरा बॅगेत, बॅगेची चेन बंद. सोन्यासारखं बोलणं गेलं आणि भाषण तेवढं राहिलं, ते आजही हार्डडिस्कमध्ये पडलंय, कोणी पाहत नाही.

तेव्हा पुण्याला शिकणाऱ्या भाच्याने पेनड्राईव्हमध्ये चार पिक्चर आणून दिले, म्हणे मामा, हा माणूस पहा, तुझ्याच धंद्यातला आहे. एदुआर्दो कुतिन्यो. (फुटबॉलवाला कुटिन्हो वेगळा, आडनाव तेच, आपले पेपरवाले कसंही लिहितात.) डॉक्युमेंटरीवाला माणूस. पोर्तुगीज बोलणं, खाली इंग्रजी सबटायटल, मला अर्धं कळे अर्धं नाही, तरी रात्री दोनपर्यंत पाहत बसलो. पिक्चरमध्ये काय आहे तर एक माणूस बोलतोय आणि दुसरा ऐकतोय. बस. ड्रोन नाही, स्लो मोशन नाही, मागे बासरी नाही. आणि तरी उठवत नाही हो.

या माणसाची थोडी हिस्ट्री सांगतो, कारण पुढची प्रत्येक ट्रिक तिच्यातूनच निघते. जन्म 11 मे 1933, साओ पावलो शहरात. वकिली शिकायला घेतली, सोडून दिली. 1957 मध्ये टीव्हीवरच्या एका प्रश्नोत्तराच्या कार्यक्रमात चार्ली चॅप्लिनवरच्या प्रश्नांची उत्तरं देऊन बक्षीस जिंकलं आणि त्या पैशांवर युरोप गाठलं, पॅरिसच्या फिल्मशाळेत शिकला. परत आला आणि विद्यार्थी संघटनेच्या कलापथकासोबत ब्राझीलच्या ईशान्य भागात फिरायला लागला. तो भाग म्हणजे ऊस, जमीनदार, पावसाची बोंब आणि दुसऱ्याच्या रानात राबणारी माणसं, आपल्याला समजवायची गरज नाही. 1962 च्या एप्रिलमध्ये पाराईबा राज्यातल्या सापे गावाकडे जुआंव पेद्रो तेशेरा नावाच्या शेतकरी पुढाऱ्याला गोळ्या घालून मारलं. त्याच्या निषेधाच्या सभेत कुतिन्यो कॅमेरा घेऊन होता, तिथे त्याने त्याची विधवा एलिझाबेथ पाहिली. अकरा लेकरांची आई.

त्याने ठरवलं यावर पिक्चर करायचा, आणि नट नकोत, शेतकऱ्यांनीच काम करायचं, एलिझाबेथने एलिझाबेथचं. 1964 च्या फेब्रुवारीत शूटिंग सुरू झालं, गालिलेया नावाच्या वस्तीत. आणि 31 मार्चच्या रात्री देशात लष्कराने सत्ता घेतली. सैनिक वस्तीत आले, कॅमेरा जप्त, काही लोकांना अटक, बाकी पांगले. निगेटिव्हचा बराच भाग आधीच रिओच्या लॅबमध्ये धुवायला गेला होता म्हणून वाचला. (पहिला धडा इथेच घ्या, त्याच दिवशी दुसरीकडे कॉपी करा. याच्यावर नंतर येतो.)

मंग सतरा वर्षं तो पिक्चर पडून. मधल्या काळात त्याने पेपरात नोकरी केली, दुसऱ्यांच्या पटकथा लिहिल्या, 1975 पासून टीव्ही चॅनलच्या डॉक्युमेंटरी विभागात काम केलं. 1981 मध्ये जुनी रिळं घेऊन तो परत निघाला, त्या लोकांना शोधायला. एलिझाबेथ सापडली शेजारच्या राज्यात साओ राफाएल गावी, नाव बदलून राहत होती, मार्ता म्हणून, गावातल्या पोरांना लिहायला वाचायला शिकवत. सोबत एकच मुलगा, बाकीची लेकरं नातेवाईकांत वाटली गेलेली. 1984 मध्ये पिक्चर पूर्ण झाला, नाव काब्रा मार्कादो पारा मोरेर, म्हणजे साधारण 'मरायला नेमलेला माणूस'. जुनी शूटिंग आणि नवी, दोन्ही त्यात. ज्या गावात ती सापडली ते जुनं साओ राफाएल तर त्याच सुमारास धरणाच्या पाण्याखाली गेलं. उकाई धरणाच्या पाण्यात गावं गेलेली आपली नवापूरकडची म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांच्याकडे कोणी मोबाईल घेऊन गेलंय का माहीत नाही, जात असाल तर याच हिवाळ्यात जा.

आता कामाचं.

सगळ्यात आधी कुंपण घाला. 'आजीचं पूर्ण आयुष्य' हा काही विषय नाही, आजी म्हणेल आते काय सांगू भाऊ तुले, आणि गप्प. कुतिन्यो स्वतःला मुद्दाम बांधून घ्यायचा. 2002 चा त्याचा एदिफिसिओ मास्टर पहा, रिओच्या कोपाकबाना भागातली एकच बिल्डिंग, बारा मजले, 276 खोल्या, पाचेकशे माणसं, टीमने तिथेच एक खोली भाड्याने घेतली आणि पूर्ण पिक्चर त्या बिल्डिंगमध्ये. समुद्र दोन पावलांवर आहे पण तो दाखवायला कोणी जात नाही. बाबिलोनिया 2000 मध्ये एकच टेकडी आणि एकच दिवस, 1999 चा शेवटचा. आपलं कुंपण काय असू शकतं तर गावची विहीर, किंवा भुसावळच्या रेल्वे क्वार्टरची एक लाईन, अमळनेरच्या मिलमध्ये तिसऱ्या पाळीला जाणारी माणसं, किंवा फक्त बहात्तर साल. घरातलंच करायचं तर 'लग्न होऊन या घरात आली तो पहिला महिना', एवढं पुरे. बाकीचं आयुष्य आपोआप त्यात घुसतं, तुम्ही अडवू म्हटलं तरी.

दुसऱ्याच्या गावात जायचं तर कोणाला तरी सोबत घ्या, आणि ते कोणी म्हणजे सरपंच नाही. 2005 च्या एका पिक्चरसाठी कुतिन्यो पाराईबाच्या एका खेड्यात गेला, विषय ठरलेला नाही, माणसं ठरलेली नाहीत, काहीच नाही. तिथे रोझा नावाची तरुण बाई भेटली, लहान मुलांच्या आरोग्याचं काम करणारी, प्रत्येक घरात तिचं जाणंयेणं. ती पुढे चालली आणि दारं उघडत गेली. म्हणजे आपल्याकडची आशाताई म्हणा ना. धडगाव अक्कलकुव्याकडे तर भिली-पावरी येणारा माणूस लागेलच, तिथे मराठीत प्रश्न विचारला तर मराठीपुरतंच उत्तर मिळतं.

भाषेचं घरातही तेच आहे. आजीशी अहिराणीत बोला. येत नसेल तर ज्याला येते त्याला समोर बसवा आणि तुम्ही मोबाईल सांभाळा. आपण कॅमेरा लावला की एकदम 'आपण केव्हा आलात' असं बोलायला लागतो आणि मंग तीही बिचारी शाळेच्या पुस्तकासारखं बोलते. जी बाई रोज 'काय करी ऱ्हायना रे भो' म्हणते ती 'मी स्वयंपाक करत असे' म्हणायला लागली की समजा काम गेलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रिहर्सल करू नका. कुतिन्योची पद्धत अशी की त्याची पोरं आधी जाऊन माणसांना भेटत, बोलत, माहिती काढत, पण तो स्वतः त्या माणसाला पहिल्यांदा भेटायचा तो कॅमेरा चालू असतानाच. का, तर सांगणाऱ्याला माहीत असतं समोरच्याने हे ऐकलेलं नाही, म्हणून तो नीट सांगतो, पहिल्यापासून. तुम्ही आदल्या दिवशी चहा पिताना सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी म्हटलं 'ते कालचं परत सांग ना', तर ती म्हणते 'काल सांगितलं ना तुला तसंच'. संपलं. म्हणून आजीच्या ज्या गोष्टी घरात प्रत्येक लग्नात ऐकवल्या जातात त्या सोडा, त्यांची कॅसेट झालेली असते. आणि जमलं तर प्रश्न विचारायला नातू बसवू नका, नवी सून बसवा. तिने काहीच ऐकलेलं नसतं, आणि सासरच्या भानगडी ऐकायला ती मनापासून बसते.

तांत्रिक बाजू. इथे मी जरा लांबण लावणार, कारण माझं पोट याच्यावर आहे.

वेळ निवडा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे चव्वेचाळीस पंचेचाळीस डिग्रीत मोबाईल तापून आपोआप बंद होतो, आणि कूलर लावला तर आवाजात फक्त कूलर. म्हणून हे थंडीतलं काम आहे, वांग्याच्या भरताच्या दिवसांतलं, पंखा बंद ठेवता येतो. सकाळी चहा झाल्यावर, उन्हं दारात आल्यावर. दुपारी म्हातारी माणसं पेंगतात, संध्याकाळी सिरीयल.

बसवायचं कुठे, तर ती रोज बसते तिथेच. खुर्चीची सवय नसलेल्या बाईला खुर्चीत बसवलं की ती पाव्हणी होते. गोधडीवर बसत असेल तर तुम्हीही खालीच बसा आणि मोबाईल डब्यावर किंवा पाटावर तिच्या डोळ्याच्या उंचीला. दार तिच्या बाजूला येऊ द्या, पाठीमागे नको, नाहीतर तोंड काळं आणि दार पांढरं. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, ते करा. लेन्स पुसा (हसू नका, अर्ध्या लोकांचे व्हिडीओ यानेच धुरकट येतात). मोबाईल आडवा. फोरकेची गरज नाही, साध्या फुल एचडीला तासाला साताठ जीबी जागा धरून चाला, आधीच रिकामी करा. एअरप्लेन मोड न विसरता, नाहीतर बरोबर रडण्याच्या ठिकाणी लोनवाल्याचा फोन येतो. मला आलाय.

आवाज चित्रापेक्षा मोठा, हे लिहून ठेवा. हजाराच्या आत वायरवाला कॉलर माईक मिळतो, तो घ्या. पण लुगड्याच्या पदराला लावू नका, पदर हलतो आणि खरखर येते, पोलक्याच्या काठाला लावा, आणि गळ्यातली पोत माईकला घासत नाही ना ते कानाला हेडफोन लावून ऐका. बांगड्या वाजतात त्या वाजू द्या. कुकरची शिट्टीही चालेल. पण फ्रीज घरघरतो तो तासभर बंद, आणि नंतर चालू करायला विसरायचं नाही, एका घरी दूध नासलं होतं आणि त्या दुधाचा उल्लेख मला अजून ऐकावा लागतो. माईक नसेल तर दुसरा मोबाईल रेकॉर्डिंग लावून तिच्या गुडघ्याजवळ रुमालाखाली ठेवा.

मोबाईल लपवू मात्र नका. कुतिन्यो स्वतःची टीम, कॅमेरा, वायरी सगळं पिक्चरमध्ये दाखवायचा, दार उघडल्यावर घुसणारी माणसं दिसतात. चोरून काही नाही. पैशांचंही तसंच, 1999 च्या सांतो फोर्तेमध्ये बोलणाऱ्यांना पैसे दिले ते देतानाच दाखवलंय. मला हे फार आवडलं. बाहेरच्या माणसाची रोजंदारी बुडवून त्याला दोन तास बसवत असाल तर मजुरी द्या आणि दिली ते सांगा. आणि सुरू करण्याआधी कॅमेऱ्यासमोरच विचारा, हे कोणाकोणाला दाखवू. 'घरातच ठेव' म्हटलं तर घरातच, फॅमिली ग्रुपवरसुद्धा नाही.

शेजारी कोण बसतो यावर अर्धं काम अवलंबून. एलिझाबेथ सतरा वर्षांनी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर बोलली तेव्हा तिचा मोठा मुलगा बाजूला होता, त्यानेच कुतिन्योला तिच्यापर्यंत पोचवलं होतं. त्याच्या सांगण्यावरून ती लष्करी राष्ट्राध्यक्षाचे आभार वगैरे मानते, जपून जपून बोलते. दुसऱ्या दिवशी तो नसताना तीच बाई वेगळी. हे पाहिलं तेव्हा मला आमच्या गावातली शंभर घरं आठवली. 'आई तसं नाही, ते अठ्ठावन्न साल होतं', 'आई ते जाऊ दे, ते नको सांगू'. अशा मुलाला सिमेंट आणायला पाठवा, केळीला पाणी लावायला पाठवा, कुठेही पाठवा. आमची नानी एकटी असताना जिभाऊंबद्दल जे बोलली ते जिभाऊ समोर असते तर या जन्मात बोलली नसती.

प्रश्न लहान विचारा. आणि 'कसं वाटलं' अजिबात नको, टीव्हीवाल्यांनी त्या प्रश्नाची वाट लावलीय. विचारायचं तर वस्तूंबद्दल विचारा. पहिली भाकरी कोणत्या चुलीवर केली, बैलाचं नाव काय, मिलचा भोंगा घरापर्यंत ऐकू यायचा का. त्यावर एवढं बोलणं निघतं की तुम्हाला फक्त 'मंग?' म्हणावं लागतं. आणि ती थांबली तर तुम्हीही थांबा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. आपल्याला शांतता सहन होत नाही, आपण लगेच दुसरा प्रश्न टाकतो, आणि ती जे आत चाचपत होती ते तिथेच राहून जातं. कुतिन्योच्या पिक्चरमध्ये अशा गप्प जागा भरपूर आहेत, त्याने त्या कापल्या नाहीत.

खोटं बोलली तर? बोलू द्या. तारीख चुकली, आकडा फुगला, दोन बैलांचे चार झाले, तरी टोकू नका, तुम्ही कोर्टात नाही. 2007 च्या जोगो दे सेनामध्ये त्याने कमालच केली, पेपरात जाहिरात दिली की बायांनी येऊन आपली गोष्ट सांगा, 83 जणी आल्या, त्यातल्या 23 जणींना रिकाम्या नाट्यगृहात बसवून बोलतं केलं. नंतर त्याच गोष्टी नट्यांना सांगायला लावल्या आणि सगळं एकत्र मिसळलं. पाहताना कळत नाही कोणाची गोष्ट खरंच कोणाची आहे. मी दोनदा फसलो, खऱ्या बाईला नटी समजलो. सांगण्यातली तळमळ खरी असली की बाकीचं आपण नंतर सातबाऱ्यावर पाहू.

आणि बोलणं अडलं तर गाणं म्हणायला सांगा. 2011 मध्ये त्याने अख्खा पिक्चर याच्यावर केला, माणसं येतात, आयुष्यातलं एक गाणं गातात आणि ते गाणं का, ते सांगतात. खान्देशात तर आपल्याकडे खजिना आहे. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी, झोक्यावरची, गौराईची, कानबाईची, जात्यावरची. आमची मोठी माय तीन वाक्यांच्या वर कधी बोलायची नाही, तिला आखाजीचं गाणं म्हण म्हटलं तर दोन ओळी म्हणून थांबली, आणि मंग माहेरच्या निंबावरच्या झोक्यापासून जी सुरू झाली ते पाऊण तास. तो निंब कोणी तोडला तेही नावासकट सांगितलं, ते मात्र मी कापलं.

कॅमेरा बंद करायची घाई नको. काब्राच्या शेवटी टीम निघालीय, गाडी सुरू व्हायच्या बेतात आहे आणि गाडीशी उभी राहून निरोप देताना एलिझाबेथ जे बोलते, तावातावाने, ते आधीच्या सगळ्या मुलाखतीपेक्षा भारी आहे. आमच्या नानांचंही तेच झालं होतं, फरक एवढाच की त्याचा कॅमेरा चालू होता आणि माझा बॅगेत. म्हणून 'झालं आता' म्हणा, पाणी प्या, माईक काढायच्या आधी दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोला, आणि मोबाईल चालूच ठेवा. तो चालू आहे हे तिला सांगून ठेवायचं, ते विसरू नका.

एडिटिंगचं फार नाही. हललेलं कापा, तुमचे प्रश्न राहू द्या. मागे म्युझिक टाकू नका, प्लीज. मी लग्नवाला असून सांगतोय. आणि आजी विहिरीबद्दल बोलतेय म्हणून मध्येच विहिरीचा ड्रोन शॉट टाकायचा मोह होतो, तो टाळा, तिच्या चेहऱ्यावर विहीर दिसते तेवढी पुरे. या माणसाने साठीनंतर असेच साधे व्हिडीओवरचे पिक्चर एकामागोमाग केले आणि त्याचं नाव आणखी मोठं झालं. 2 फेब्रुवारी 2014 ला रिओत राहत्या घरी मानसिक आजार असलेल्या मुलाच्या हातून त्याचा जीव गेला, वय ऐंशी. शेवटचा पिक्चर अर्धा राहिला होता, शाळेतल्या पोरापोरींशी बोलण्याचा, तो त्याच्या एडिटर बाईने आणि निर्माता मित्राने पूर्ण केला.

फाईल त्याच रात्री लॅपटॉपवर आणि एका पेनड्राईव्हवर, पेनड्राईव्ह दुसऱ्याच्या घरी, बहिणीकडे वगैरे. व्हॉट्सअपवर व्हिडीओ म्हणून पाठवला की तो चुरगळतो, लहान तुकडा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फाईलला नाव द्या, नुसता व्हिडीओचा नंबर ठेवला तर पाच वर्षांनी कोणालाच काही कळत नाही: नानी, गाव, महिना, साल, विषय.

आणि दाखवा. कुतिन्यो 1981 मध्ये गालिलेयाला गेला तेव्हा आधी प्रोजेक्टर लावून त्याने गावकऱ्यांना सतरा वर्षांपूर्वीची त्यांचीच शूटिंग दाखवली, म्हातारे झालेले लोक स्वतःला तरुण पाहून हसतायत, बोटं दाखवतायत, आणि त्यातूनच पुढचं बोलणं निघालं. मी कानबाईच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत भिंतीला पांढरी चादर लावून नानीचं आणि मोठ्या मायचं दाखवलं, रोटाचं (प्रसादाचं) जेवण झाल्यावर. पहिली पंधरा मिनिटं फक्त कोण किती बारीक दिसतंय याच्यावर चर्चा. मंग नानी विहिरीचं बोलायला लागली आणि मागून गल्लीतल्या एका आजोबांनी आवाज दिला, हाई बंद कर ना भो, ती विहीर तिकडे नव्हती, मी खोदायला होतो. मी चादर तशीच ठेवली, मोबाईल उलटा फिरवला आणि म्हटलं, आबा, कुठे होती?